मोठं कॅबिनेट, संथ वारा

दहा बाय दहाच्या खोलीत साठ सेंटिमीटर उंच आणि रिकामंच चौदा-पंधरा किलोचं कॅबिनेट कशासाठी आणायचं, हा घरातल्यांचा प्रश्न रास्त आहे. पाऊण फूट रुंद आणि दोन फूट लांब पेटी म्हणजे दीड चौरस फूट कार्पेट एरिया कायमचा अडकला, आणि उपनगरात दीड चौरस फुटाला काय पडतं हे कुणाला सांगायला नको. तरीही शांत पीसी जोडायचं मनात घेतलेला माणूस फिरून फिरून मोठ्या कॅबिनेटपाशीच येतो. मोठं कॅबिनेट घ्या, हा सल्ला जन्मला थंड देशांत. तिथे खोलीचं तापमान वीस-बावीस अंश असतं आणि रात्री खिडकीबाहेर चिडीचूप असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांत त्यातलं काय टिकतं आणि काय टाकून द्यावं, ते बघू.

आधी गरज कुणाला आहे ते. प्रश्न ऑफिसच्या मीटिंगपुरता असेल, तर नवं कॅबिनेट घ्यायचं कारण नाही. आवाज गाळणारी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत इतकी सुधारली आहेत की पंख्याची एकसुरी घरघर पलीकडच्याला ऐकूच जात नाही. खरी गरज दोन प्रकारच्या लोकांना आहे. पहिले, घरी रेकॉर्डिंग करणारे. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड, ओशिवरा, वर्सोव्याचं आराम नगर या पट्ट्यात डबिंगची आणि एडिटिंगची कामं चालतात, आणि लॉकडाऊनमध्ये त्यातलं काही काम लोकांच्या घरी आलं ते तिथेच राहिलं. ऑडिओबुक कंपनी स्टोरीटेल २०१७च्या अखेरीस भारतात आली ती इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी घेऊन, आणि आवाजाच्या कामाला आणखी एक वाट मिळाली. ॲमेझॉनच्या एसीएक्ससाठी ऑडिओबुक करायचं तर शांततेच्या जागी उरणारा आवाज उणे साठ डेसिबलच्या वर जाता कामा नये, अशी अट आहे. घरगुती स्टुडिओत हमखास दिसणाऱ्या रोडच्या एनटी१-ए मायक्रोफोनचा स्वतःचा आवाज अवघा पाच डेसिबल आहे, म्हणजे खोलीत जे काही गुणगुणेल ते तो टिपणारच. मोठ्या स्टुडिओत ही अडचण येत नाही, कारण तिथे संगणक वेगळ्या मशीन रूममध्ये असतो. वन बीएचकेत मशीन रूम कुठून आणणार? दुसरे म्हणजे झोपायची आणि कामाची खोली एकच असलेले लोक. अमेरिकेच्या घड्याळावर चालणारं काम रात्री दोनला चालू असतं आणि हातभर अंतरावर पोरगं झोपलेलं असतं.

बाहेर एवढा गोंगाट असताना आतल्या पंख्याचं काय घेऊन बसलात, असं यावर हमखास ऐकायला मिळतं. आकडे पाहिले तर या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत ३० डेसिबल असावेत असं म्हटलं आहे, आणि किंचित उघड्या खिडकीने साधारण पंधरा डेसिबल अडतात असं धरलं आहे. बाहेर ४५, आत ३०, असा हिशोब जुळतो. कागदावर. घाटकोपरला मात्र डोक्यावरून उतरणारी विमानं, अंधेरीला मेट्रोचा पूल आणि त्याखालचे हॉर्न, मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्ग, आणि सगळीकडे पुनर्विकासाचे ब्रेकर. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बंद केल्या तरी फटी उरतातच.

पण हा गोंगाट सतत नसतो, आणि गोम तिथेच आहे. साधारण एक ते चार या वेळात लोकल बंद असतात. रेकॉर्डिंग करणारे नेमके तेव्हाच जागे असतात. बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला किंवा मुलुंडच्या डोंगराकडच्या सोसायट्यांत तर रात्री रातकिड्यांखेरीज काही नसतं. दुसरी गोष्ट, कान नुसता जोर मोजत नाही, सूर ओळखतो. मेल गाडी धडधडत गेली तरी झोप मोडत नाही आणि एक डास मोडतो. पंख्याचा, ग्राफिक्स कार्डाचा, यूपीएसचा त्रास डासाच्या जातीचा आहे. म्हणून मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने पीसीची परीक्षा करू नये. त्या ॲपचा तिशीच्या खाली भरवसा नाही, आणि आकडा बरोबर आला तरी सूर त्याला कळत नाही.

शांत कॅबिनेट ही कल्पना साधारण वीस-बावीस वर्षांची. २००२चा ॲपलचा पॉवर मॅक जी४ इतका गर्जायचा की लोक त्याला विंड टनेल म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी आलेल्या जी५मध्ये ॲपलने ॲल्युमिनियमच्या मोठ्या पेटीचे चार कप्पे केले आणि नऊ पंखे लावले. पंखे वाढले आणि आवाज घटला. २००५मध्ये अँटेकचं पी१८० आलं. शांत संगणकांचा ध्यास घेतलेले व्हँकूवरचे समीक्षक माइक चिन यांचा त्याच्या रचनेत हात होता. बाजूचे पत्रे ॲल्युमिनियम, प्लास्टिक, ॲल्युमिनियम असे तीन थरांचे, एसएमपीएस वर न ठेवता खालच्या वेगळ्या कप्प्यात, हार्ड डिस्कला सिलिकॉनची गादी, आणि वजन चौदा किलोच्या घरात. आज ज्याला आपण शांत कॅबिनेट म्हणतो त्याची बरीचशी बाराखडी तिथे लिहिली गेली. मग स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने डिफाइन मालिकेत पुढचं दार आणि आतून चिकटवलेला फोम ही जोडी लोकप्रिय केली. जर्मनीच्या बी क्वाएटने २०१६मध्ये डार्क बेस प्रो ९०० आणलं. पी१८०पासूनचे हे सगळे मोठे आणि बंद डबे होते. नंतर ग्राफिक्स कार्डं तापायला लागली. २०२२मध्ये आलेलं आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॅट खातं, २०२५चं ५०९० तर ५७५. बंद डब्यांचा काळ तिथे ओसरला. फ्रॅक्टलनेच २०२१मध्ये टॉरेंट काढलं. त्याच्या तोंडाला नुसती जाळी आहे आणि त्या जाळीमागे १८० मिलिमीटरचे दोन पंखे. त्यात फोमचा पत्ता नाही, आणि तरी ते शांत चालतं.

हे कसं, ते समजलं की कॅबिनेट निवडणं सोपं होतं. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून फार झपाट्याने वाढतो. फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी होते आणि आवाज पंधरा ते अठरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर ही घट केवढी ते कळेल. आता १२०० फेऱ्यांवर चालणाऱ्या दोन पंख्यांऐवजी तसेच तीन पंखे ८०० फेऱ्यांवर चालवा. हवा तेवढीच. पंखा वाढल्याने पावणेदोन डेसिबल चढले, फेऱ्या उतरल्याने जवळजवळ नऊ गेले. निव्वळ नफा सात डेसिबलचा, आणि खर्च एका पंख्याचा. १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा पंखा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी जास्त, म्हणजे फेऱ्या आणखी कमी. मोठ्या कॅबिनेटचं समर्थन एवढंच आहे: तिथे जास्त आणि मोठे पंखे बसतात, उंच कूलर मावतो, लांब कार्डाला पुढच्या पंख्यापासून वीतभर मोकळीक मिळते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. पुष्कळशा स्वस्त कॅबिनेटचं झाकण त्याच्यावर बसत नाही.

या हिशोबाला एक पोटकलम आहे आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे उतरतो. बाराशेवरून आठशेवर आणलेल्या पंख्यात दाब जेमतेम ४४ टक्के उरतो. अशा संथ पंख्यापुढे बंद दार, त्यामागे दाट फिल्टर आणि हवेला बाजूने बोटभर फट, असा अडथळ्यांचा डोंगर उभा केला तर तो हवा ओढूच शकत नाही. मग तापमान चढतं, फेऱ्या वाढतात, आणि ज्या दारासाठी पैसे मोजले त्याच दारामुळे आवाज होतो. दार आणि संथ पंखा एकमेकांच्या मुळावर उठतात. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात हे वैर झाकलं जातं, कारण तिथे तापमानाला बरीच जागा शिल्लक असते. आपल्याकडे ते उघडं पडतं.

आपल्या हवेचा हिशोब वेगळा मांडायला हवा. प्रोसेसर किती तापेल हे खोलीच्या तापमानावर चढणारी भर ठरवते. समजा, एखादा कूलर ठरावीक फेऱ्यांवर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर ठेवतो. चाचणीची खोली २१ अंशांवर असेल तर ६६. मे महिन्यात सांताक्रूझचं कमाल तापमान सरासरी तेहतीस-चौतीस आणि किमान सत्तावीसच्या आसपास असतं. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असला तर रात्री अकरालाही खोली बत्तीस-तेहतीसवर असते. तिथे तोच प्रोसेसर ७८वर जातो. मदरबोर्डची मूळ मांडणी साधारण सत्तरीच्या पुढे पंखे पळवायला सुरुवात करते. म्हणजे परीक्षणात ज्याचं ‘ऐकूच येत नाही’ असं कौतुक वाचलं, तोच संच बोरिवलीत घोंगावतो. कॅबिनेट तेच, पंखे तेच, फक्त बाहेरची हवा बारा अंशांनी गरम. परदेशी परीक्षणं वाचावीत, पण तापमानाच्या आकड्यात बारा मिळवून आणि आवाजाच्या आकड्यावर अर्धाच विश्वास ठेवून.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. बायॉसमध्ये जाऊन पंख्यांच्या फेऱ्यांची ती चढण दहा-बारा अंशांनी पुढे सरकवायची आणि फेऱ्या बदलायला काही सेकंदांची दिरंगाई ठेवायची, म्हणजे ब्राउझर उघडला की पंखा उसळत नाही. हल्लीचे प्रोसेसर याला घाबरत नाहीत. २०२२चे रायझन ७००० तर ९५ अंशांपर्यंत चालायच्या बोलीनेच बनवलेले आहेत. दुसरा उपाय विजेला लगाम. रायझन ९ ७९५०एक्सला २३० वॅटपर्यंत खाऊ द्यायचं की इको मोडमध्ये ८८ वॅटवर बांधायचं हे आपल्या हातात असतं, आणि वॅट जेवढे घटतात तेवढा वेग घटत नाही. ग्राफिक्स कार्डाचा व्होल्टेज उतरवूनही असाच लाभ होतो. ५०० वॅटची उष्णता हवेचं तापमान दहाच अंशांनी चढवून बाहेर काढायची तर मिनिटाला अडीच घनमीटरहून जास्त हवा लागते, ९०हून अधिक सीएफएम. अडीचशे वॅटला निम्मी पुरते. शिवाय ते ५०० वॅट शेवटी खोलीतच सुटतात, आणि एक टनाच्या एसीच्या ताकदीचा सातवा हिस्सा खातात. माझ्या मते उपनगरातल्या शांत पीसीचा निम्मा निर्णय कॅबिनेट घ्यायच्या आधीच, वॅट ठरवताना होऊन गेलेला असतो. साडेचारशे वॅटचं कार्ड आणि नीरव शांतता या दोन्ही गोष्टी बत्तीस अंशांच्या खोलीत एकत्र नांदत नाहीत, कॅबिनेट कितीही मोठं असो.

आता फोम. जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो हाच, आणि आढाव्यात सर्वांत जास्त गुण याचेच कापावे लागतात. चार-पाच मिलिमीटर जाडीचा फोम पातळ आवाजांना, म्हणजे काही हजार हर्ट्झच्या शिट्टीला, थोडा आवर घालतो. पण हजार हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असते आणि ती नीट शोषायला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे तीन-साडेतीन इंच जाडी हवी. पंख्याची घुमघुम तर शे-दीडशे हर्ट्झवर असते. तिच्यापुढे कॅबिनेटमधला फोम नसल्यात जमा. पत्र्याला चिकटवलेली जड डांबरी शीट थोडी वेगळी, ती पत्र्याचं थरथरणं मारते आणि त्याचा उपयोग होतो. फोमचं आणखी एक दुखणं आपल्या हवेतलं आहे. काही जातींचा पॉलियुरेथेन उष्ण आणि दमट हवेत हळूहळू विघटित होतो. कपाटात दोन पावसाळे पडून राहिलेल्या बुटांचे तळवे हातात सुटून येतात, त्यामागे हेच रसायन आहे. फिलिप्सने जून २०२१मध्ये श्वसनयंत्रं परत बोलावली ती त्यांतला आवाज दाबणारा पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा फोम विरत होता म्हणून, आणि उष्ण-दमट हवा त्याला हातभार लावू शकते असं तेव्हा सांगितलं गेलं. कॅबिनेटमधला फोम त्याच जातीचा असेलच असं नाही. पण त्याच्यासाठी तीन-चार हजार जास्त मोजताना पाच पावसाळ्यांनंतर त्याचं काय होईल, हा विचार करायला हरकत नाही.

दार बरं की जाळी, याचा निवाडा करायला फ्रॅक्टलनेच सोय करून ठेवली आहे. २०२०च्या सुरुवातीला आलेलं डिफाइन ७ आणि त्याच वर्षाच्या अखेरीचं मेशिफाय २ यांचा सांगाडा एकच. एकाला फोमचं दार, दुसऱ्याला जाळी. संगणक नुसता वाचत-लिहीत बसलेला असेल तर दारवालं किंचित शांत. काम जड झालं की पारडं उलटतं, कारण तेच तापमान राखायला जाळीमागच्या पंख्याला कमी फिरावं लागतं. मी इथल्या हवेसाठी जाळीच्या बाजूने आहे, एका अपवादासह. कार्डच नसलेला किंवा शे-सव्वाशे वॅटच्या आत राहणारा निव्वळ आवाजाच्या कामाचा पीसी असेल आणि तो एसीच्या खोलीत असेल, तर डिफाइन ७ किंवा त्याचं थोरलं भावंड, ६०४ मिलिमीटर लांबीचं एक्सएल, अजूनही सुरेख आहे. ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी बी क्वाएटच्या सायलेंट बेस ८०२ची युक्ती चांगली: पेटीत बंद आणि जाळीचे असे दोन्ही मुखवटे येतात. डिसेंबर-जानेवारीत बंद, मार्चपासून जाळी. डार्क बेस प्रो ९००ची बांधणी पाहत राहावी अशी आहे, पण त्याच्या बंद तोंडाला हवा बाजूच्या फटींतूनच घ्यावी लागते. आपल्याकडे तो महागडा हट्ट ठरतो.

जाळी घेतली की धूळ आली. शेजारची इमारत पाडायला घेतली की सिमेंटची पूड कुठे कुठे शिरते, हे उपनगरात राहणाऱ्याला माहीत आहे. इथे फिल्टरची रचना फोमपेक्षा दहापट महत्त्वाची. पुढचा फिल्टर स्क्रू न काढता, कॅबिनेट न हलवता, एका हाताने निघाला पाहिजे. एसएमपीएसच्या खालचा फिल्टर मागच्या बाजूने निघणारा असेल तर तो वर्षभर कुणी काढत नाही, तो पुढून निघणारा हवा. आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले की आत दाब राहतो आणि फटींतून धूळ शिरत नाही. चोंदलेला फिल्टर म्हणजे पुन्हा बंद दारच, त्यामुळे शेजारी काम चालू असेल तर आठवड्याला, नाहीतर महिन्याला फिल्टर नळाखाली धरावा. पावसाळ्यात मात्र तो पुरता वाळल्याशिवाय परत लावू नये, आणि जुलैत वाळायला दिवस जातो. मागचे न वापरलेले स्लॉट झाकलेले ठेवावेत. पाली आणि मुंग्यांना उबदार एसएमपीएस फार आवडतो.

खोलीचंही ऐकावं लागतं. व्हिट्रिफाइड लाद्या, प्लास्टरच्या भिंती, गालिचा नाही: आवाज शोषणारं काही नाही. त्यात एक गंमत आहे. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये जे घुमणारे सूर बसतात, त्यांतला एक साधारण ११४ हर्ट्झचा. सात पात्यांचा पंखा हजाराच्या जरा खाली फिरला की त्याच्या पात्यांचा सूर नेमका तेवढाच येतो. आणि कॅबिनेट आपण ठेवतो कोपऱ्यात, जिथून असे सूर सर्वांत जोरात उठतात. पंख्याच्या फेऱ्या शंभराने वर-खाली करून, किंवा पेटी कोपऱ्यातून दोन फूट सरकवून, काही वेळा हजारोंचं सामान घेऊन मिळाला नसता एवढा फरक पडतो. जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट, भिंतीशी उभी केलेली गादी यांची मदत वेगळीच. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात मोठं कॅबिनेट कोंबणं हा मात्र गुन्हा समजावा. जमिनीवर ठेवायचं तर चाकांचं चार इंची स्टँड घ्यावं. लादी पुसण्याचं पाणी रोजचं आहे, आणि सखल भागातल्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना २६ जुलै २००५चा पूर विसरता येत नाही.

पेटी खोलीबाहेरच ठेवता आली तर? मशीन रूमची कल्पना घरी आणायची झाली तर चार इंची विटांची भिंत चाळीसेक डेसिबल सहज अडवते. लांब एचडीएमआय आणि यूएसबी केबल घेऊन पीसी पॅसेजमध्ये किंवा हॉलमध्ये ठेवणं हा कोणत्याही कॅबिनेटपेक्षा सरस उपाय आहे, हे कबूल केलं पाहिजे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही आणि दाराच्या फटीतून केबल नेली की दार लागत नाही, एवढीच अडचण. बाल्कनीचा विचारही मनात आणू नये: पाऊस, कबुतरं, उन्हाची तिरीप.

पीसी शांत झाला की आजवर त्याच्यामागे लपलेले आवाज बाहेर येतात. स्वस्त यूपीएसमधल्या ट्रान्सफॉर्मरची शंभर हर्ट्झची गुणगुण हा त्यांतला पहिला. त्यावर उपाय तो लांब ठेवणं. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्झवर पत्र्याला थरथरवते, तिला रबराची गादी हवी, किंवा सरळ एसएसडी. ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची शिट्टी कॅबिनेटने जात नाही, दुकानदाराशी भांडून कार्ड बदलून घ्यावं लागतं. पाण्याच्या कूलरबद्दल एवढंच सांगेन की त्यात पंपाचा एक आवाज फुकट मिळतो. आणि छताचा पंखा! इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर कमी वेगाने चालणारा जुना पंखा असा गुणगुणतो की सगळा खटाटोप पाण्यात जावा. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी २०१२मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने आपल्याकडे बीएलडीसी पंखे घरोघरी नेले. ते वीज वाचवतात म्हणून विकले जातात, पण त्यांना तसला रेग्युलेटर लागत नाही, हा रेकॉर्डिंगवाल्यांसाठी मोठा फायदा. पीसीतले पंखे कितीतरी आधीपासून त्याच जातीचे आहेत.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन यावंच. मोठी शांत कॅबिनेट तिथेही सगळीकडे मांडलेली नसतात. पुढे असतात त्या रंगीत दिव्यांच्या काचेच्या पेट्या, बाकीचं सांगून मागवावं लागतं. पण हात लावून पाहण्याला पर्याय नाही. बाजूच्या पत्र्यावर टिचकी मारावी: डबा वाजला तर ठेवून द्यावं, थप्प असा आवाज आला तर पुढे बघावं. पत्रा दोन बोटांनी दाबून लवतो का ते पाहावं. पुढचा मुखवटा काढून त्याच्यामागे पंख्यापर्यंत किती मोकळी जागा आहे ते बघावं, बोटभर असेल तर पात्यांचा सूर वाढतो. पाय रबराचे आणि उंच हवेत. १४० मिलिमीटरचे किमान तीन पंखे पुढे बसतात का, आणि कूलरला १६५ मिलिमीटरहून जास्त उंची मिळते का, हे डब्यावर छापलेलं असतं. काच जड असते, आवाज बऱ्यापैकी अडवते, पण आतून परतवतेही. एका बाजूला असली तर चालेल, तीन बाजूंना नको. परतीचा प्रवासही आधी ठरवून जावं. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाहीत, आणि एक्सएल कॅबिनेटचं खोकं संध्याकाळी सहाच्या बोरिवली फास्टमध्ये चढवायचा विचार करणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. दुपारी जावं, टॅक्सी करावी.

घरी आधीच मध्यम आकाराचं, तोंडाला जाळी असलेलं बरं कॅबिनेट असेल तर मोठं घ्यायची घाई नको. वॅटला लगाम घालावा, पंख्यांची चढण सरकवावी, मूळचे पंखे काढून १४०चे दोन-तीन चांगले पंखे बसतात का पाहावं, फिल्टर धुवावा, पेटी कोपऱ्यातून काढावी. एवढं करून रात्री दोनला दार-खिडक्या बंद करून, छताचा पंखा थांबवून, मायक्रोफोनवर मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करावी आणि हेडफोनवर ऐकावी. त्यात अजून पीसीच वर असेल, तर मोठ्या कॅबिनेटचे पैसे सत्कारणी लागतील. खिडकीतला आवाज वर असेल, तर ते पैसे खिडकीच्या फटी बुजवण्यात आणि जाड पडद्यात घालावेत.